हिनकलचा मुक्काम, गोल्फचं मैदान

म्हैसूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाची यादी ठरलेली असते. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन उद्यान, प्राणिसंग्रहालय, वेळ उरला तर श्रीरंगपट्टण. परतताना पिशवीत रेशमी साडी, चंदनाचा साबण आणि म्हैसूरपाक. या यादीत हिनकलचं नाव कधीच नसतं. गंमत अशी की म्हैसूर उरकून कूर्गकडे निघालेला प्रत्येक प्रवासी हिनकलमधूनच जातो. हुणसूर रस्ता आणि शहराभोवतीचा बाहेरचा वळणरस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तिथला उड्डाणपूल म्हणजेच हिनकल. गाडी पुलावरून निघून जाते आणि गाव खालीच राहून जातं.

माझा मुक्काम मात्र याच हिनकलमध्ये होता. माझे मावसभाऊ, म्हणजे आमचे दादा, बँकेतून निवृत्त झाले आणि मुलगी म्हैसूरच्या एका संगणक कंपनीत लागली म्हणून इकडे राहायला आले. मुलीला कामावर जायला सोयीचं आणि शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटर लांब असल्यामुळे जरा निवांत, अशी जागा त्यांनी शोधली.

गाव आणि शहर यांच्या मधोमध

हिनकल हे शहराने हळूहळू कवेत घेतलेलं गाव आहे. मुख्य रस्त्यावर मोटारींची दालनं, बँका आणि औषधांची दुकानं. पण दोन गल्ल्या आत शिरलं की कौलारू घरं, दाराशी बांधलेली गाय, सकाळी सडा घालून रांगोळी काढणाऱ्या बायका आणि नन्नेश्वराचं जुनं दगडी देऊळ. सकाळी सहाला देवळाच्या बाजूने फेरफटका मारावा, कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी घ्यावी आणि घरी येऊन वहिनींच्या हातचा उपमा खावा, असा माझा क्रम होता. सकाळी साडेआठनंतर मात्र चौकाकडे फिरकायची सोय नसते. दुचाकीवाले पुलाखालच्या गर्दीतून असे घुसतात, की आपल्याच काळजाचा ठोका चुकावा.

“प्रत्येकाला वाटतं, गाडी चालवावी ती आपणच,” दादा म्हणाले. दादांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. आपलं गाडी चालवण्याचं कौशल्य इतरांच्या तुलनेत कसं आहे, असं त्यांनी चालकांना विचारलं. अमेरिकेतल्या गटापैकी ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं! आता वरच्या निम्म्यात शंभरातले पन्नासच बसणार. उरलेल्या त्रेचाळीस जणांचा हिशेब कुठेतरी चुकत होता.

हा चुकणारा हिशेब मला याच मुक्कामात एका अगदी अनपेक्षित ठिकाणी पाहायला मिळाला. ते ठिकाण म्हणजे म्हैसूरचं गोल्फचं मैदान.

चामुंडीच्या पायथ्याशी

दादांचे एक स्नेही लष्करातून निवृत्त झालेले कर्नल. ते गोल्फ क्लबचे जुने सदस्य. त्यांच्या आग्रहाने दादाही उतारवयात हा खेळ शिकू लागले होते. “उद्या चल आमच्याबरोबर. खेळू नकोस, नुसतं चाल. पाच-सहा किलोमीटर सहज होतात,” दादा म्हणाले आणि मी तयार झालो.

हिनकलहून मैदान गावाच्या थेट दुसऱ्या टोकाला. सुमारे ४२ किलोमीटरचा वळणरस्ता अख्ख्या म्हैसूरला वेढा घालतो. त्यावरून अर्धी प्रदक्षिणा घालत आम्ही चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला लागूनच जयचामराज वडियार गोल्फ क्लबचं अठरा खळग्यांचं मैदान आहे. ज्यांचं नाव क्लबला दिलं आहे, ते जयचामराज वडियार (१९१९ ते १९७४) म्हैसूरचे शेवटचे सत्ताधीश महाराज. संगीताचे मोठे जाणकार आणि स्वतः रचनाकार. समोर चामुंडीचा हिरवा डोंगर, जवळच ललितमहाल राजवाडा, सकाळचं कोवळं ऊन आणि कापलेल्या गवताचा वास. खेळ येवो न येवो, इथे नुसतं चालणं हेच सुख आहे.

गोल्फ हा आपल्याकडे साहेबाबरोबर आलेला खेळ. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. बंगळूरचा क्लब १८७६ चा. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पैसेवाल्यांचा खेळ हा शिक्का त्याच्यावर बसला आणि तो खोटाही नाही. पण खेळाचं मूळ तत्त्व पोरासोरांनाही कळेल इतकं सोपं आहे. जास्तीत जास्त चौदा काठ्या घ्यायच्या. सुमारे ४६ ग्रॅमचा चेंडू टोलवत टोलवत १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात घालायचा. जितके टोले कमी, तितका खेळाडू चांगला. बस्स, इतकंच! प्रतिस्पर्धी तुमचा चेंडू अडवत नाही, पळवत नाही. इथे माणसाचा सामना मैदानाशी असतो, आणि त्याहून अधिक स्वतःशी.

दोन हातांची फट

आमच्या चौकडीत दादा, कर्नलसाहेब, एक डॉक्टर आणि बांधकाम व्यवसायातले एक गृहस्थ होते. बरोबर काठ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी. त्यातले एक पन्नाशीचे कॅडी लहानपणापासून मैदानावर वावरलेले. ते फारसं बोलत नसत. चेंडूकडे बघायचे, पिशवीतून एक काठी अर्धी वर ओढायचे आणि थांबायचे. तोच त्यांचा सल्ला.

तिसऱ्या की चौथ्या खळग्याला बांधकामवाल्या गृहस्थांचा चेंडू उजवीकडच्या झाडांत गेला. खळगा अजून दीडशे यार्डांवर. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी. मधे झाडांची रांग, आणि दोन बुंध्यांमध्ये जेमतेम दोन हातांची फट. कॅडींनी आखूड, तिरक्या तोंडाची काठी वर ओढली. अर्थ स्पष्ट होता : चेंडू बाजूला मोकळ्या गवतावर काढा, एक टोला गेला तर जाऊ दे, पुढचा सरळ खेळा.

गृहस्थांनी मान हलवली आणि लांब काठी मागितली. “मागच्या महिन्यात याच फटीतून काढला होता,” ते म्हणाले. टोला बसला, चेंडू बुंध्यावर आपटला आणि आणखी आत गेला. पुन्हा तीच फट, पुन्हा तीच काठी. या वेळी चेंडू फांदीला लागून मागे आला. चारात संपायला हवा होता तो खळगा त्यांनी नवात संपवला. कर्नलसाहेबांचा चेंडूही आधी झाडांतच गेला होता. त्यांनी तो मुकाट बाजूला काढला आणि पाच टोल्यांत मोकळे झाले.

खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, ही म्हण ज्याने केली त्याने गोल्फ पाहिलं नसणार. पण हौशी गोल्फरचं याहून चांगलं वर्णन कुणाला जमेल असं वाटत नाही.

चालता चालता दादांमधला बँक अधिकारी जागा झाला. “हिशेब कर,” ते म्हणाले. “समजा, बाजूला काढलं की दर वेळी पाच टोले लागतात. दहा वेळांचे झाले पन्नास. आता फटीतून मारायचं ठरवलं. दहातून एकदा जमलं, तेव्हा चार. उरलेल्या नऊ वेळा फसलं, तेव्हा प्रत्येकी सहा धर. चोपन्न आणि चार, अठ्ठावन्न. म्हणजे आठ टोल्यांचा तोटा. फट निम्म्याहून जास्त वेळा जमणार असेल तरच हा व्यवहार परवडतो. कर्ज मागायला आलेल्याला आम्ही एवढं तरी विचारायचो!”

चांगल्या दिवसांचा आरसा

मग शहाणीसुरती माणसं असं का करतात? पहिलं कारण स्मरणशक्तीचं. फटीतून गेलेला एक टोला वर्षभर चहाबरोबर सांगितला जातो. बुंध्यावर आपटलेले नऊ टोले कुणी सांगत नाही, म्हणून ते हळूहळू आपणही विसरतो. आपल्या आठवणीत मग आपण असतो त्यापेक्षा बरेच चांगले खेळाडू होऊन बसतो.

दुसरं कारण खेळाच्या मोजमापातच आहे. हौशी खेळाडूची पातळी ‘हँडिकॅप’ या आकड्याने सांगतात. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत हा आकडा शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांवरून काढतात. म्हणजे तो तुमच्या चांगल्या दिवसांचा आरसा असतो, रोजच्या खेळाचा नव्हे. पण खेळाडू मैदानावर उतरतो तो ‘माझी पातळी अमुक’ असं धरून, आणि तेवढं जमलं नाही की ‘आज काहीतरी बिघडलंय’ म्हणत भरपाईसाठी आणखी मोठा धोका पत्करतो. बिघडलेलं काहीच नसतं. तो दिवस नेहमीसारखाच असतो.

तिसरं कारण दूरचित्रवाणी. तिथले व्यावसायिक खेळाडू पहिला टोला तीनशे यार्डांपर्यंत नेतात. सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा टोला दोनशे-सव्वादोनशे यार्डांच्या आसपासच जातो. पण बघून बघून डोळ्यांना तीनशेची सवय झालेली असते. खरं तर त्या कसलेल्या खेळाडूंच्याही मर्यादा आहेत. आठ फुटांवरून चेंडू खळग्यात घालणं त्यांनाही साधारण निम्म्या वेळाच जमतं. आपल्याला मात्र तेवढ्या अंतरावरून एकदा चुकलं की कपाळाला हात लावावासा वाटतो.

आणि मोठ्यांनाही हा मोह सुटत नाही. १९९९ साली स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी इथे ब्रिटिश ओपन स्पर्धा होती. फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द शेवटच्या खळग्यावर आला तेव्हा त्याच्याकडे तीन टोल्यांची आघाडी होती. चार टोल्यांचा तो खळगा सहात संपवला असता तरी करंडक त्याचा होता. पहिला टोला बराच उजवीकडे गेला. तिथून आखूड, सावध टोला मारायचा सोडून त्याने थेट हिरवळीचा नेम धरला. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जाला लागून उलटला आणि दाट गवतात पडला. पुढचा ओढ्यात गेला. पायातले बूट-मोजे काढून पाण्यात उतरलेला व्हान द वेल्द साऱ्या जगाने पाहिला. शेवटी सात टोले झाले, तिघांची बरोबरी झाली आणि जादा खेळात पॉल लॉरी जिंकला.

आई जेव्हा काठ्या उचलते

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या शेजारच्या बंगळूरचं. अदिती अशोक ही तिथे वाढलेली मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अवघ्या अठरा वर्षांची होती आणि तिचे वडील तिचे कॅडी होते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये काठ्या सांभाळायला आई होती. मोठमोठ्या खेळाडूंच्या तुलनेत अदितीचा टोला आखूड. कित्येक यार्ड मागे राहून तिला दुसरा टोला खेळावा लागायचा. पण जे आपल्याला जमत नाही त्यामागे ती धावली नाही. चेंडू सरळ ठेवायचा, आणि खळग्याजवळ आल्यावर जे हुकमी जमतं त्यावर भरवसा टाकायचा. चार दिवसांनंतर ती चौथी आली. कांस्यपदकाची बरोबरी फक्त एका टोल्याने हुकली. पदक नाही मिळालं, पण भारतातल्या असंख्य घरांत त्या सकाळी प्रथमच गोल्फ पाहिलं गेलं.

सावधपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे तिच्या खेळावरून नीट कळतं. धाडस तिच्याकडेही होतं, पण ते हिशेब करून वापरलेलं.

कॅडींनी काठी दिली नाही

नवव्या खळग्याजवळ आमच्यासमोर जे घडलं, त्याने मात्र ही चर्चा गमतीची राहिली नाही. दीडशे-पावणेदोनशे यार्डांवर एक म्हातारे माळी गवतात वाकून काम करत होते. पाठ आमच्याकडे. बांधकामवाले गृहस्थ आधीच्या खळग्यांचं उट्टं काढायच्या ईर्ष्येत होते. “माझा चेंडू त्यांच्या डोक्यावरून जाईल. थांबायचं काय कारण?” असं म्हणत त्यांनी सर्वांत मोठी काठी मागितली.

कॅडींनी काठी पिशवीतच ठेवली. काही न बोलता ते चार पावलं पुढे गेले आणि चेंडूच्या समोर जाऊन उभे राहिले. मग तोंडाशी हात धरून त्यांनी माळ्यांना कानडीत हाक मारली. माळी उठून सावकाश बाजूला झाले, झाडाच्या आडोशाला गेले. मगच कॅडी परत आले आणि काठी पुढे केली.

टोला बसला. चेंडू वर उठलाच नाही. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरून सणसणत सरळ त्याच जागेवरून गेला, जिथे मघा ती पाठ वाकलेली होती.

कुणीच काही बोललं नाही. हौशी खेळाडूच्या मोठ्या टोल्यावर चेंडूचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात असतो. म्हणूनच चेंडू माणसांकडे जातोय असं दिसताच ‘फोर!’ अशी आरोळी ठोकायची रीत या खेळात आहे. पण पाठमोऱ्या माणसाला ती कितपत उपयोगी पडणार? समोरचे लोक टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबायचं, हाच खरा नियम. गृहस्थांचा चेहरा उतरला होता. ते स्वतः चालत माळ्यांपाशी गेले, दोन शब्द बोलले आणि उरलेली फेरी त्यांनी लहान काठ्यांनीच खेळली.

झाडातल्या फटीचा धोका आपला आपल्यापुरता असतो. फसला तर चार टोले जास्त. पण आपल्या फाजील आत्मविश्वासाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार असेल, तेव्हा त्याला धाडस म्हणता येत नाही.

घरातला कॅडी

रात्री जेवताना मी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या हसल्या आणि दादांकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या दादांनीही फट शोधली होती हो. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा शेअरच्या वायद्यांत घालायला निघाले होते. कुणाला तरी तीन महिन्यांत दुप्पट मिळाले म्हणे. मी एवढंच विचारलं, आणि बुडाले तर?”

दादांनी निमूटपणे ताकाचा पेला उचलला. पैसे बँकेतच राहिले. वहिनींचा प्रश्न किती रास्त होता, ते सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून कळतं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे आणि ऑप्शन्स व्यवहारांत उतरलेल्या शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. दुप्पट करणाऱ्याची गोष्ट तेवढी आपल्या कानावर येते. बाकीचे गप्प असतात, बुंध्यावर आपटलेल्या टोल्यांसारखे.

“मैदानावर कॅडी असतो, घरी ही,” दादा म्हणाले. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. काठी अर्धी वर ओढून नुसतं थांबणारा. त्याचं ऐकायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

विटीदांडूचा जुना कायदा

दुसऱ्या दिवशी हिनकलच्या देवळाजवळ पोरं क्रिकेट खेळत होती. मला आठवण झाली विटीदांडूची. कानडीत त्याला चिन्नीदांडू म्हणतात. आपण मोजताना म्हणायचो ते वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्दही दक्षिणेतलेच. तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी त्यांचं नातं उघड दिसतं. म्हणजे आपल्या अंगणातल्या या खेळात दक्षिणेचा वाटा पूर्वीपासूनचा.

या खेळात काही गावांत एक सुंदर नियम असे. विटी टोलवली की मारणाऱ्याने स्वतःच सांगायचं, इतके दांडू अंतर झालं. समोरच्यांना पटलं तर तेवढे गुण मिळाले. नाही पटलं, तर दांडूने मोजायचं. मोजणी मागणीपेक्षा कमी भरली, की मारणारा बाद! कमी मागितलं तर थोडं नुकसान, पण डाव चालू राहायचा. आपल्या टोल्याचा खरा अंदाज घ्यायला शिकवणारी ही शाळाच होती, तीही फुकटात.

म्हैसूरला कधी गेलात, तर यादीत थोडी जागा करा. दादरहून शरावती एक्स्प्रेस थेट म्हैसूरला नेते. बंगळूरहून अंतर सुमारे १४५ किलोमीटर. पहाटे चामुंडीच्या हजारभर पायऱ्या चढा, वाटेतला अखंड शिळेतला भव्य नंदी पाहा. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल वरपर्यंत बसने जा आणि नंदीपासून फक्त उतरा. देवीला त्याचं काही वाटत नाही. आणि कूर्गला जाताना हिनकलच्या पुलावरून भरधाव न जाता खाली उतरून एक कॉफी घ्या. दहा मिनिटं उशीर झाला तरी कूर्ग कुठे पळून जात नाही.